सुऱ्यांची जत्रा, डाव्या हाताने

३ जानेवारी, शुक्रवार

जान्हवीने सांगितलंय, रोज चार ओळी डाव्या हाताने लिहायच्या. काय लिहू विचारलं तर म्हणाली, काहीही. वहीसुद्धा तिनेच आणली. एवढं लिहायला अर्धा तास लागला. अक्षर बालवाडीतलं.

४ जानेवारी

जयवंत मेस्त्री. वय अठ्ठावन्न. राहणार नाहूर. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला उजवी बाजू गेली. पाय थोडा आलाय, काठीने चालतो. हात यायचाय.

७ जानेवारी

जान्हवी म्हणजे व्यायाम घ्यायला येते ती मुलगी. आज तिने उजव्या हातात चेंडू दिला आणि दाबा म्हणाली. मी दाबला. ती म्हणाली, छान. सुगंधा दारात उभी राहून बघत होती. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण बायकोच्या तोंडातून कौतुकाचा शब्द म्हणून नाही.

११ जानेवारी, शनिवार

आता जरा सोपं जातंय, म्हणून कामाचं लिहितो.

आम्ही मूळचे कणकवलीकडचे लोहार. भांडुपच्या एका कंपनीत मी टूलरूममध्ये होतो. ती बंद पडल्यावर नाहूरलाच गाळा भाड्याने घेऊन भट्टी लावली. मी सांडशीत लोखंड धरायचो आणि शिवदास घण मारायचा. बावीस वर्षं आम्ही दोघंच. आधी कोयते केले, विळे केले. गेली चार वर्षं स्वयंपाकाच्या सुऱ्या. ट्रकचा जुना कमानपाटा घ्यायचा, तापवून ठोकायचा, लाल करून तेलात बुडवायचा, म्हणजे पाणी द्यायचं, मग घासायचा. एका सुरीला आठ दिवस जातात. कारखान्यातली सुरी महिन्यात बोथट होते, माझी होत नाही.

फेब्रुवारीच्या बावीस-तेवीसला अंधेरीला हाताने घडवलेल्या सुऱ्यांचं प्रदर्शन आहे. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, मी जत्राच म्हणतो. देशभरातून सुऱ्या करणारे येतात. गणपतीनंतर मी फोन करून तिथे टेबल मागितलं आणि त्यांनी दिलं. पहिल्यांदाच. गाळ्यात अकरा पाती पाणी देऊन ठेवलीत, फक्त मुठी आणि धार बाकी आहे. अजून सहा आठवडे आहेत. हात महिन्याभरात आला तरी जमेल.

१४ जानेवारी, संक्रांत

शिवदास तिळगूळ घेऊन आला. सकाळी नऊला. कामाच्या वेळी हा इथे काय करतो? विचारलं तर म्हणाला, "आज सणाचो दिवस, मेस्त्रीनू."

मी विचारलं, पाती घासायला घेतलीस का. म्हणाला, "झाला थोडा." त्याची नखं बघितली. एकदम साफ. बावीस वर्षांत मी ह्या माणसाची नखं साफ बघितली नव्हती. पायात काळे बूट, पॉलिश केलेले. मी आजारी पडल्यावर हा साहेब झाला.

तिळगूळ तोंडात टाकला. सणाचा दिवस.

१९ जानेवारी

गाळ्यावर घेऊन चल म्हटलं. नुसता खुर्चीत बसतो, बघतो. सुगंधा म्हणाली, तिथला रस्ता खणलाय. शिवदास म्हणाला, किल्ली घरी विसरलो. दोघांचं एकदम आलं. 

सुगंधा हल्ली भाजी बाजारातून कापलेलीच आणते. भेंडी कापलेली, कोबी कापलेला, कांदासुद्धा. सुरीवाल्याच्या घरात कापलेला कांदा! म्हटलं, एवढा आळस बरा नव्हे. ती म्हणाली, "वेळ मिळत नाही हो." आज मी ओट्याचे खण उघडून बघितले. एक सुरी नाही. विळीसुद्धा नाही. शेजारणींना वाटत सुटली असेल, दुसरं काय. हॉस्पिटलात असताना मी काहीबाही बोललो म्हणे, तेव्हापासून ती माझ्यावर नाराज आहे. काय बोललो ते मला आठवत नाही आणि ती सांगत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

जत्रेच्या ऑफिसातून फोन आला. जेनेव्हिव्ह नावाची बाई. आवाज इतका गोड की मला वाटलं टेबलाचा नंबर सांगायला केला. म्हणाली, "अंकल, तब्येत कशी आहे? तुमच्या मिसेसनी डिसेंबरमध्येच टेबल कॅन्सल केलं, पण तुम्ही असेच या ना. पाहुणे म्हणून. आम्हाला खूप आनंद होईल."

फोन ठेवला. सुगंधाने पान वाढलं होतं. मी ताट फेकलं.

३ फेब्रुवारी

कालचं लिहितो. ताट भिंतीवर आपटलं. सुगंधा खाली बसून भात गोळा करायला लागली. मी ओरडत होतो, कुणाला विचारून, कुणाला विचारून. ती एवढंच म्हणाली, "कुणाला विचारणार होते? तुम्हाला तेव्हा पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं."

खरंखरं लिहायचं तर तिची दया आली नाही. मनात आलं ते एवढंच, की डाव्या हाताने फेकलं तरी भिंतीपर्यंत गेलं.

१० फेब्रुवारी

जायचं ठरवलं. पाहुणा तर पाहुणा. लोकांना तोंड तरी दिसेल, पुढच्या वर्षी टेबल द्यायला बरं. शिवदासला म्हटलं, शनिवारी तू चल. तो म्हणाला, "सुट्टी काढतंय."

म्हटलं, "सुट्टी कोणाकडून काढतोस रे? मालक तर इथे पडलाय."

तो हसला. सुगंधा हसली नाही. माझी पूर्ण झालेली एक सुरी गाळ्यात आहे, आंब्याच्या लाकडाच्या मुठीची, ती घेऊन ये म्हटलं. त्याने आधी सुगंधाकडे बघितलं, मग हो म्हणाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं लिहिणार, कितीही वेळ लागो.

सकाळी रिक्षा केली. निघताना सुगंधा शिवदासला जिन्यात थांबवून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. सुरी त्याच्याच पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हटलं, आण इकडे, मी धरतो. "ऱ्हवान देवा माझ्याकडे," म्हणाला. पवई येईपर्यंत दोनदा मागितली, नाही दिली. पिशवी पोटाशी धरून बसला, जसा काही त्यानेच घडवलीय.

अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये जत्रा. दारात जेनेव्हिव्ह बसली होती. पांढरे केस, चष्मा, पुढ्यात पट्ट्यांचा डबा. म्हणाली, दोन दिवसांत कुणाचं ना कुणाचं बोट कापतंच, म्हणून मलमपट्टी आधी आणि नावनोंदणी नंतर. मला बघून उठली. "जयवंत अंकल ना? मी ओळखलं." कशी ओळखणार, काठीवरूनच असेल. तिच्याकडे छातीला लावायच्या चिठ्ठ्या होत्या, सुऱ्या करणाऱ्यांना हिरवी आणि बघायला येणाऱ्यांना पांढरी. तिचा हात पांढऱ्यावर गेला, तसा शिवदास म्हणाला, "मेस्त्री सुऱ्ये करतत." तिने लगेच हिरवी काढली, माझं नाव लिहिलं आणि स्वतः माझ्या शर्टाला लावली. मग त्याला विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी घण मारतंय."

त्यालाही हिरवी दिली. परत नाक्यावर उतरेपर्यंत त्याने ती काढली नाही. मधूनमधून हात लावून बघत होता, पडली तर नाही ना. बावळट.

आत शिरलो आणि दारातच उभा राहिलो. चाळीसेक टेबलं. त्यावर नुसत्या सुऱ्या. मासे सोलायच्या, भाजी चिरायच्या, जंगलात न्यायच्या, दाढीचे वस्तरे. कुणी चामड्याची म्यानं शिवत बसलेलं, कुणी टोमॅटोचे इतके पातळ काप करत होता की पलीकडचं दिसावं. लोखंडाचा, तेलाचा, चामड्याचा वास. नोव्हेंबरपासून नाकात फक्त डेटॉल होतं.

पहिल्या टेबलावरच्या माणसाने हात पुढे केला, उजवा. माझा उचलला गेला नाही. त्याने क्षणभरही न थांबता डावा पुढे केला आणि माझा डावा हात हलवला. पुढच्या टेबलावरच्यानेही डावाच दिला. त्याच्या पुढचीनेही. मला वाटलं, या सुरीवाल्यांची रीतच अशी असावी, कामाचा हात राखून ठेवायची. चांगली रीत आहे.

प्रत्येक टेबलाशी खुर्ची पुढे येत होती. "बसा अंकल. हातात घ्या. बघा तरी." पाण्याची बाटली, चहा, कुणाच्या घरच्या शंकरपाळ्या. कुणी विचारलं नाही की काय झालं, कधी झालं. सगळ्यांचे प्रश्न एकच: पोलाद कुठलं वापरता, पाणी कशात देता, तेलात की नुसत्या पाण्यात. आज साडेतीन महिन्यांनी कुणीतरी मला ज्याची उत्तरं येतात ते विचारत होतं. मी बोलत सुटलो. आवाज चढला माझा. शिवदास मागे उभा राहून मान हलवत होता.

माझी सुरी उघडून दाखवली. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, चार जणांनी नखावर धार बघितली, कागद कापला. परत आली तेव्हा शिवदासने लगेच गुंडाळून पिशवीत टाकली.

आता क्रिसचं. मरोळच्या गावठाणातला पोरगा, तिशीतला, दाढीवाला. त्याच्या टेबलावर सगळ्यात गर्दी. मी त्याची एक लांब सुरी डोळ्यासमोर धरून पाठीवरून नजर टाकली. म्हटलं, "पाणी देताना उजवीकडे ओढलीय."

त्याने माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला. मग शेजारच्याला हाक मारली, "अरे इकडे ये! सहा महिने डोकं फोडतोय मी, ह्या अंकलनी बसल्या जागी सांगितलं." मग माझा खांदा धरून म्हणाला, "अंकल, तुम्ही माझ्याकडे याच. मरोळला. कधीही या. तुमच्यासारखं माणूस पायजे आपल्याला."

पायजे म्हणाला. तीनदा म्हणाला. कार्ड दिलं. मी शेजारी बसून होतो, तर एक बाई त्याला धार कशी लावायची विचारत आली. तिलाही म्हणाला, "या ना मरोळला, कधीही या, दाखवतो." फार गोड तोंडाचा पोरगा.

निघताना जेनेव्हिव्ह दारापर्यंत सोडायला आली. शिवदास नाक्यावर सुरी घेऊन उतरला, त्याच्या घरी. म्हटलं, ठेव तुझ्याकडे. आज मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

सुगंधाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, ऐकता ऐकता तिने डोळे पुसले. म्हटलं, रडतेस काय, काम मिळालंय मला.

२४ फेब्रुवारी

हिशेब सोपा आहे. क्रिसकडे ताकद आहे, नजर नाही. माझ्याकडे नजर आहे. हात येईपर्यंत मी बसून सांगायचं, त्याने करायचं. शिवदासलाही तिथेच लावून घेता येईल. गाळा चालू ठेवायचा की नाही, ते नंतर बघू.

जान्हवीला सांगितलं. ती म्हणाली, मस्त काका. आज चेंडू चार वेळा दाबला. तिने मोजलं नाही, मीच मोजलं.

१ मार्च

फोन नाही. आठवडा झाला. जत्रेनंतर दमला असेल.

६ मार्च

फोनचा आवाज वाढवून घेतला सुगंधाकडून.

९ मार्च, रविवार

मीच केला. "अरे अंकल! बोला बोला!" म्हणाला. म्हटलं, कधी येऊ. म्हणाला, "हो हो, नक्की या, जरा ऑर्डरी उरकतो, मग निवांत बसू." कामाचा माणूस आहे. कामाचा माणूस लगेच मोकळा होत नाही, हे मला ठाऊक आहे.

सुगंधा म्हणाली, "पोरगा भला आहे हो. पण भला आहे म्हणून..." आणि थांबली. मी म्हटलं, पुढे बोल. तर कुकर लावायला उठली. हिला मी घरातच बसायला हवाय.

१६ मार्च, रविवार

मरोळला जाऊन आलो. फोन न करता गेलो, कधीही या म्हणाला होता. शिवदास यायला तयार नव्हता, त्याला दमात घेतलं तेव्हा आला.

गावठाणात घर आहे, मागच्या अंगणात पत्र्याची शेड. क्रिस बघून आधी गडबडला, मग हसला, "या अंकल!" त्याची आई ल्युसीबाई, तिने फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, आणि चहा आणला. "लेंट चाललाय, आमचे उपासाचे दिवस, मटण नाय केलं, नायतर जेवूनच गेला असता," म्हणाली. गादी घातलेली खुर्ची दिली मला.

शेड बघितली. विजेची भट्टी. आकडा टाकला की तेवढीच तापते, रंग बघायचं कामच नाही. घणाच्या जागी मशीन. वाकडं पातं सरळ करायला दोन पट्ट्यांची पकड. जत्रेतून आल्यावर बसवली म्हणाला. "तुम्ही सांगितलं ना अंकल, ते डोक्यात बसलं. आता एक पण वाकडी नाही होत." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

मग तो त्याच्या कामाला लागला. मी बसून. अर्धा तास झाला, त्याने एकदाही काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. मला राहवेना. उठलो. घासायच्या मशीनचा पट्टा फिरत होता, बाजूला एक पातं पडलेलं. उचललं. क्रिस म्हणाला, "अंकल, ते..." आणि शिवदासकडे बघितलं. शिवदास म्हणाला, "मेस्त्रीनू, ऱ्हवान देवा." मी ऐकलं नाही. डाव्या हातात पातं, वरून उजवा हात टेकवला. तो धरेल असं वाटलं. आतून तर मी धरलंच होतं.

पट्ट्याला टेकलं आणि उडालं. शिवदासच्या गुडघ्यावरून जाऊन पत्र्यावर आपटलं. टोक जळून निळं पडलं होतं, म्हणजे पाणी उतरलं, म्हणजे ते पातं मेलं. त्या पोराचे आठ दिवस.

क्रिसने भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. पातं उचलून बघितलंसुद्धा नाही, पाठीमागे ठेवून दिलं. "काय नाय अंकल. होतं. माझ्याकडून पण होतं." आणि माझ्या आणि मशीनच्या मधे उभा राहिला. हसतच. पुन्हा चहा आला. खुर्ची अंगणात नेली. मोबाइलवर त्याने मला जपानातल्या सुरीवाल्यांचे व्हिडिओ दाखवले, पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवतात तसे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी शिवदासला शेकड्याने दिल्यात.

निघताना म्हणाला, "परत या अंकल. कधीही या."

 भांडुप गेल्यावर मी रिक्षावाल्याला गाळ्याचा पत्ता सांगितला. शिवदास म्हणाला, "आज नको." मी म्हटलं, आजच. किल्ली नसेल तर शटर बघून येऊ.

शटर उघडंच होतं. आत दिवे, पंखे, सात-आठ बायका पुठ्ठ्याचे केकचे खोके दुमडत होत्या. भट्टीच्या जागी खोक्यांची थप्पी. भिंत पांढरी केलेली. रिक्षा तशीच उभी, मी आतूनच बघत होतो.

"कधी?"

"डिसेंबरात. भाडा थकला, गाळ्याचो मालक थांबाक नाय."

"आणि तू काय करतोस?"

"मुलुंडाक. टॉवरार. वॉचमन."

"मग मला रोज काय सांगत होतास? झाला थोडा, झाला थोडा?"

तो समोर बघत होता. म्हणाला, "तुम्ही इचारीत होतास म्हणान सांगी होतंय."

१७ मार्च

सुगंधाला विचारलं. हो म्हणाली. तीच म्हणाली होती शिवदासला, सांगू नकोस. भट्टी, भाता, घण सगळं गेलं. अकरा पाती शिवदासच्या घरी पेटीत आहेत. ऐरण तेवढी भंगारात द्यायला तो तयार झाला नाही, तीही त्याच्याच खोलीत आहे, मोरीशेजारी. त्याची बायको तिच्यावर पाण्याची कळशी ठेवते.

मी ओरडलो नाही. सुगंधा माझ्या ओरडण्याची वाट बघत उभी होती. पदराचं टोक हातात धरून. थोड्या वेळाने ती म्हणाली, "जेवता?" मी म्हटलं, वाढ.

भाजी कापलेलीच होती, बाजारातली. म्हटलं, "सुऱ्या कुणाकडे दिल्यास?" म्हणाली, "शिवदासकडेच." पुढे मी विचारलं नाही. हॉस्पिटलात मी स्वतःचं काय करून घेईन म्हणालो असेन, ते आता मला ठाऊक आहे. तिने ते चार महिने एकटीने मनात वाहिलं.

२२ मार्च, शनिवार

क्रिसला फोन केला. म्हटलं, माझ्या आज्याची ऐरण आहे, तुला देतो, घेऊन जा. पैसे नकोत.  तो म्हणाला, "अंकल, कसली भारी गोष्ट देताय तुम्ही. पण ठेवू कुठे? शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तुम्ही बघितलंच. आणि आता ठोकायचं सगळं मशीनवरच." मग म्हणाला, अंकल, ती तुमच्याकडेच शोभते.

माझ्याकडे नाही ती. कळशीखाली आहे.

त्याच्यावर राग धरायला बघितलं. धरता येत नाही. त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं. जत्रेतही कुणी खोटं सांगितलं नव्हतं. या म्हणाले, बसा म्हणाले, हातात घ्या म्हणाले. दारातून येईल त्याला ते तसंच म्हणत होते, आणि ती माणसं चांगलीच होती. पुढचं सगळं मी माझ्या मनाने लावलं.

जत्रेत सगळे डावा हात पुढे करत होते ती रीत नव्हती, पहिल्याने पुढच्यांना खुणावलं असणार, तेही आज कळलं. डाव्या हाताने भाकरी मोडताना.

१ एप्रिल, मंगळवार

जान्हवी आली. मी चेंडू घेतला नाही. म्हटलं, "बाळा, घणाचं राहू दे. सांडशी धरता येईल मला कधी?"

तिने पिशवीची चेन उघडली, लावली.

म्हटलं, "सांग."

"नाही काका," म्हणाली. "खांदा अजून थोडा सुधारेल. बटण लावायला डावा शिकेल. पण बोटं... जे यायचं ते साधारण पहिल्या काही महिन्यांतच येतं."

"चेंडू मी दाबत होतो?"

तिने मान हलवली. नाही.

नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच मला कुणी तोंडावर नाही म्हणालं. ती रडायच्या बेतात होती, एवढीशी पोर, पंचवीसची. मी म्हटलं, "चहा घेऊन जा." मग ती गेली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो. सुगंधा येऊन पायाशी बसली. उठली नाही.

५ एप्रिल, शनिवार

आज एकटा बाहेर पडलो. सुगंधा नको म्हणत होती. म्हटलं, शिवदासकडे जातो. मग ती खाली येऊन रिक्षात बसवून गेली.

मुलुंडचा टॉवर. बत्तीस मजले असतील. गेटला काचेची केबिन, आत शिवदास. निळा शर्ट, खांद्यावर दोरी, डोक्यावर टोपी. टोपी जरा मोठी आहे त्याला. मला बघून टोपी काढली, मग परत घातली.

"तुम्ही खंय हय?"

"सहज."

त्याने आपली खुर्ची मला दिली, प्लॅस्टिकची. स्वतः उभा. बावीस वर्षांत आम्ही कधी नुसते बसलो नव्हतो, त्यामुळे बोलायचं काय ते दोघांनाही कळेना. मी विचारलं, जेवलास? तो म्हणाला, होय. गाडी आली. तो धावत गेला, दांडा उचलला, उजवा हात कपाळाला लावला. गाडीतल्याने बघितलं नाही. दुसरी आली. परत तेच. तो हात मी आजवर घणावरच बघितला होता. मी जिथे बोट दाखवीन तिथे पडायचा, गव्हाएवढी चूक नाही. सांगायलाही लागायचं नाही, नुसती सांडशी फिरवली की त्याला कळायचं. हे मी त्याला कधी बोललो नाही. आज बोलेन म्हणून गेलो होतो.

चारच्या सुमारास सुपरवायझर आला, मोटरसायकलवरून. "ये कौन है?"

शिवदास म्हणाला, "हमारा मेस्त्री है."

"मेस्त्री को बोलो बाहर बैठे. कॅमेरा लगा है इधर."

शिवदासचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा बघितला. तो काहीतरी बोलणार होता. मी त्याच्या आधी उठलो. काठी घेतली आणि गेटबाहेर आलो. बाहेर बसायला काही नाही, कंपाउंडची भिंत आणि फुटपाथ. भिंतीला टेकून उभा राहिलो.

शिवदास आतून हाताने सांगत होता, जावा, घराक जावा. मी नाही म्हणून मान हलवली. रिक्षा थांबत होत्या, विचारत होत्या, मी नको म्हणत होतो. ऊन तोंडावर होतं. पाऊण तासाने पाय थरथरायला लागला. गाड्या येत होत्या, तो उठत होता, सलाम करत होता आणि प्रत्येक वेळी बसायच्या आधी माझ्याकडे बघत होता. मी बघतोय म्हणून त्याला लाज वाटत असणार. घरी जायला हवं होतं. गेलो नाही.

सातला सुटला. टोपी पिशवीत टाकून बाहेर आला.

"कित्याक रवलास? घराक कित्याक नाय गेलास?"

जे बोलायला गेलो होतो ते तोंडातच राहिलं. बोलून काय, आता मारायला घण नाही आणि धरायला हात नाही. म्हटलं, "चल."

नाक्यापर्यंत आम्ही चाललो, माझ्या चालीने, म्हणजे बराच वेळ. त्याने रिक्षा थांबवली, मला आत बसवलं. उजवा पाय बाहेरच राहिला होता. तो वाकला, दोन्ही हातांनी माझा पाय उचलला आणि सावकाश आत ठेवला.